मापाची गाडी

आमचं कोन गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. पनवेलहून निघालं, पळस्पे फाटा मागे टाकला, की थोड्याच वेळात आम्ही. द्रुतगती मार्गही शेजारूनच जातो. त्यामुळे बाजारात कुठली नवी गाडी येतेय हे आम्हाला जाहिरातीआधी कळतं. लांबलचक ट्रेलरवर दोन मजली रचलेल्या कोऱ्या गाड्या पुण्याकडून खाली उतरतात आणि माझी शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत त्या मोजत उभी राहतात.

पण आज मी ज्या गाडीबद्दल सांगणार आहे ती रस्त्यावर कधी आलेली नाही, बहुधा येणारही नाही. ती आमच्या घरी आली ती माझ्या भाच्याच्या काखेतून, कागदाच्या गुंडाळीत.

हा भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. पुण्याला एका कॉलेजात गाड्यांचं डिझाइन शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस आजीला भेटायला म्हणून आला आणि फराळाचं ताट बाजूला सारून त्याने ती गुंडाळी दिवाणावर पसरली. काय सुंदर चित्र होतं! रुपेरी, गुळगुळीत, एखाद्या पापलेटासारखी गाडी. चाकं अर्धी पोटात लपलेली, दिवे म्हणजे नुसती एक रेघ.

"आजी, ही बघ २०४० सालातली गाडी. हिला ड्रायव्हर लागत नाही, पेट्रोल लागत नाही."

सासूबाईंनी चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं. म्हणाल्या, "छान आहे रे. पण चढायचं कुठून?"

"अगं, दार आपोआप वर जातं."

"दार जाईल रे वर. मी कशी जाऊ?"

आम्ही सगळे हसलो. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. का ते मला ठाऊक होतं.

गेल्या श्रावणात त्या पनवेलला धाकट्या बहिणीकडे निघाल्या होत्या. महिन्यातून दोनदा जायचा त्यांचा परिपाठ. फाट्यावर सहा आसनी रिक्षात चढताना एक पाय फळीवर ठेवला, दुसरा उचलायच्या आत ओल्या पत्र्यावरून पहिला निसटला. घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, काठी सुटली, देवळापर्यंत चालू लागल्या, पण पनवेलचं नाव काढलं की "आता नको गं. माझंच वय झालं." बहिणी-बहिणी फोनवर बोलत. एक म्हणे तू ये, दुसरी म्हणे तूच ये. त्या बाईलाही गुडघ्यांनी आमच्याकडे येववत नव्हतं. पाच मैलांच्या अंतरावर दोघी, आणि तीन महिने एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर मी भाच्याला विचारलं, "काय रे, जी गाडी कुणी बांधणारच नाही ती काढायला तुम्हाला एवढे पैसे भरून शिकवतात?" त्याने जे सांगितलं ते मला नवीन होतं. तुमच्यापैकी पुष्कळजणींनाही असेल, म्हणून थोडं सांगते.

अशा गाडीला ते 'कन्सेप्ट' म्हणतात. म्हणजे कल्पनेची गाडी. विकायची नसते, दाखवायची असते. जगातली पहिली कन्सेप्ट गाडी म्हणून ब्यूइक कंपनीची १९३८ सालची 'वाय-जॉब' ओळखली जाते. हार्ली अर्ल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ती करवून घेतली. एकच बनवली, आणि ती तो स्वतःच चालवत असे. पण तिच्यातल्या विजेवर खाली-वर होणाऱ्या काचा पुढे घरोघरच्या गाड्यांत आल्याच की नाही? आपण नव्या पदार्थाचा आधी एकच घाणा तळून बघतो, तसंच हे.

आपल्याकडे या शिक्षणाला साठाहून जास्त वर्षं झाली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालची. आपल्या पवईच्या आय.आय.टी.त डिझाइनचं केंद्र निघालं १९६९ साली. जर्मनीत उल्म इथे शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा. आज तिथे वाहनांच्या डिझाइनचा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्याच पवईच्या केंद्रात शिकलेल्या रामकृपा अनंतन या बाईंनी महिंद्रमध्ये २०११ सालच्या 'एक्सयूव्ही ५००'च्या डिझाइनचं नेतृत्व केलं, आणि २०२० सालची नवी 'थार'ही त्यांच्याच हाताखाली घडली. थार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशीवाला बाप्या येतो. तिला आकार देणारा हात बाईचा आहे!

आणि गाडी घडते कशी, ऐकाल तर पेणची आठवण येईल. आधी शेकडो रेखाचित्रं. मग भिंतीवर काळ्या चिकटपट्टीने गाडीची बाह्यरेषा, खऱ्या मापाची. मग माती! एक खास प्रकारची माती असते, भट्टीत गरम केली की मऊ, निवली की घट्ट. ती सांगाड्यावर थापून, पात्यांनी खरवडून गाडीचा आकार काढतात. पेणच्या कारखान्यात शाडूच्या गणपतीची सोंड घडवताना जशी बोटं फिरतात, तशीच. संगणक आले तरी मातीचं काम सुटलेलं नाही, कारण हात फिरवल्याशिवाय उंचवटा कळत नाही.

परदेशातले विद्यार्थी तर एकेक गाडी बनवून चालवूनही दाखवतात. नेदरलंड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यार्थ्यांनी २०१३ साली 'स्टेला' नावाची चारजणांची, उन्हावर चालणारी कुटुंबाची गाडी केली. तिथल्याच दुसऱ्या गटाने २०२० साली 'लुका' केली, ती सगळी कचऱ्यातून. पुन्हा वापरलेलं प्लॅस्टिक आणि जवसाचे धागे यांचा सांगाडा, आणि बसायच्या गादीत नारळाचा काथ्या. आपण जुन्या साडीची गोधडी करतो तेव्हा कौतुक नाही, असं मी म्हटलं. पण खरं सांगू, मला त्या मुलांचं फार कौतुक वाटलं.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मी त्याला मूळ प्रश्नावर आणलं. "चित्रात गाडीच्या शेजारी एक माणूस उभा काढला आहेस. तो कोण?"

तो म्हणाला, "तो नुसता मापासाठी, मामी. गाडी केवढी आहे ते कळावं म्हणून."

उंच, सडपातळ, हातात काही नाही. ना पिशवी, ना पोर, ना निऱ्या सांभाळणारा हात. मी शिवणकाम करते म्हणून मला लगेच जाणवलं. माझ्या ब्लाउजचा कागद घेऊन शेजारणीचा ब्लाउज बेतला आणि तो तिला घट्ट झाला, तर आपण काय म्हणतो? "माप चुकलं" म्हणतो. "तुझं अंग चुकलं" असं कुणी म्हणत नाही. मग गाडीच्या बाबतीत सासूबाई "माझंच वय झालं" का म्हणतात?

भाचा प्रामाणिक आहे. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मापाचं पुस्तक आहे आमच्याकडे." भारतीय माणसांच्या अंगाची मापं देवकुमार चक्रवर्ती यांनी गोळा करून मांडली आणि अहमदाबादच्या संस्थेने १९९७ साली ती छापली. उभ्याची उंची, बसल्याची उंची, गुडघा किती वर, हात किती पोचतो, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. पुस्तक कॉलेजात आहे; पण चित्राच्या वेळी ते कपाटातच राहतं, असं त्याने कबूल केलं.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नव्हे बरं. गाडीची धडक-चाचणी घेताना आत माणसाऐवजी पुतळे बसवतात. सरासरी बाईच्या मापाचा पुतळा, १६२ सेंटिमीटर उंच आणि ६२ किलो वजनाचा, स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर या बाईंच्या चमूने पुढे आणला तो २०२२ साली! तोवर 'बाई' म्हणून जो वापरत तो पुरुषाचाच पुतळा आटवून लहान केलेला होता.

बायकांसाठी म्हणून खास गाड्या निघाल्या नाहीत असं नाही. १९५५ साली अमेरिकेत डॉज कंपनीने 'ला फाम' नावाची गाडी काढली. बाहेरून गुलाबी आणि पांढरी, सोबत गुलाबी पर्स, लिपस्टिकची डबी, छत्री. दोन वर्षांत बंद पडली. याउलट २००४ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात व्हॉल्वोने एक कन्सेप्ट गाडी ठेवली, 'वायसीसी'. तिचे सगळे निर्णय बायकांच्या चमूने घेतले होते. रंग गुलाबी नव्हता. पण डोकं टेकायच्या उशीला मधे खाच होती, अंबाडा नाहीतर शेपटा नीट बसावा म्हणून. मागच्या बैठका सिनेमा थिएटरातल्या खुर्च्यांसारख्या उभ्या होत, पिशव्या ठेवायला जागा व्हावी म्हणून. पर्स ठेवायला हाताशी जागा. इंधन भरायला झाकण नाही, हात बरबटायला नको. तीही बाजारात आली नाही. पण बाईला विचारून केलेली गाडी आणि बाईला रंगवून दिलेली गाडी, यातला फरक तिने दाखवला. आपल्या सरकारने २०२४ साली गुलाबी ई-रिक्षा देण्याची योजना जाहीर केली. चालवायला बायका पुढे आल्या याचा मला आनंदच आहे. माझी नजर मात्र रंगाआधी पायरीवर जाते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या ह्यांना सुट्टी. चहा झाल्यावर भाचा उठला आणि म्हणाला, "मामी, घरात पाट किती आहेत?"

पाट निघाले पाच. त्याने ते पडवीत एकावर एक रचायला सुरुवात केली. कॉलेजात प्लायवूडची खोटी गाडी करून तिच्यात बसून बघतात, ही त्याची घरगुती आवृत्ती. सासूबाईंचा एक हात खिडकीच्या गजाला, दुसरा माझ्या हातात. तीन पाटांवर चढल्या, काही त्रास नाही. चारावर चढल्या, आठ इंच भरले. पाचावर गुडघ्यावर हात दाबला. मग पाटांखाली रद्दीचे गठ्ठे सारून बारा इंच केले, तर पाय वर गेला पण अंग वर येईना. "बास," म्हणाल्या. भाच्याने वहीत लिहिलं : आजी, आठ इंच.

मग हे आणि तो मोजपट्टी घेऊन फाट्यावर गेले. उभ्या असलेल्या सहा आसनीची फळी जमिनीपासून साडेपंधरा इंच.

घराच्या जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरहून, म्हणजे साडेसात इंचांहून, उंच नसावी असं आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. घराच्या बाहेर पडून गाडीजवळ गेलं की तीच बाई त्याच गुडघ्यांनी दुप्पट चढायची! शहरातल्या लो-फ्लोअर बसचंच बघा. तिचा तळ ४०० मिलिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंचांवर असतो. थांब्याला सहा इंचांचा फुटपाथ असला तर उरते पावणेदहा इंचांची पायरी. फुटपाथच नसला तर तीच 'लो' बस पुन्हा पावणेसोळा. भाचा म्हणाला, "म्हणजे गाडीचं डिझाइन रस्त्यापासून सुरू करायला हवं." हे वाक्य त्याने वहीत लिहून ठेवलं.

सासूबाई हे सगळं ऐकत शेंगा सोलत बसल्या होत्या. "म्हणजे दुप्पट होती होय रे?" एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं. तीन महिने स्वतःच्या पायाला दोष देत होत्या.

सुट्टी संपल्यावर मी शाळेत सहावीच्या वर्गाला निबंध घातला, 'माझ्या कल्पनेतली गाडी'. मुलांच्या बहुतेक गाड्यांना पंख होते, दोन-तीन पाण्याखालूनही जात होत्या. एका मुलीने सुरुवातच केली होती, 'ही गाडी कोनासाठी आहे ते मी सांगते.' आमच्याकडे आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो, आणि गावाचं नावच कोन, त्यामुळे ही चूक मी वर्षाला शंभरदा लाल शाईने सुधारते. या वेळी पेन उचललं आणि आधी पुढे वाचलं. तिची आई भाजीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजाराला जाते. पाटी टपावर चढवायला रोज कुणाच्यातरी मिनत्या कराव्या लागतात. म्हणून या मुलीच्या गाडीला मागे जमिनीलगत एक फळी होती. पाटी त्यावर सरकवायची, उचलायची नाही. आईची कंबर दुखते, असं कारणही दिलं होतं. मी 'कोनासाठी' सुधारलं आणि दहापैकी नऊ दिले. निबंधाचा फोटो भाच्याला पाठवला. आता तो आपल्या सहा आसनीच्या चित्राला मागे तसली फळी काढतोय. हो, पापलेट त्याने गुंडाळून ठेवलं.

२०४० पर्यंत थांबायला सासूबाईंना वेळ नव्हता. म्हणून आम्ही सुताराकडून एक स्टूल करून घेतलं. माप लिहून घ्या, कुणाला उपयोगी पडेल : उंची ८ इंच, वरची फळी १५ इंच बाय १२ इंच, पाय खाली थोडे फाकलेले म्हणजे कलंडत नाही, पायांच्या बुडाला काठीला लावतात तशी रबरं, फळीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी म्हणजे ओलं असलं तरी पाय घसरत नाही, आणि उचलायला दोरीची कडी. स्टूल सपाट जागीच ठेवायचं, चढताना एक हात गाडीच्या दांड्याला हवाच. फाट्यावरच्या एका ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना ते ठेवायला दिलं. ते आधी हसले, मग सीटखाली सारून बघितलं, मग म्हणाले, "राहू द्या वहिनी, जागा आहे."

आता तुमच्यासाठी काही. घरात गाडी घ्यायची ठरते तेव्हा रंग आपल्याला विचारतात, बाकीचं पुरुषमंडळी बघतात. तसं करू नका. स्वतः जा, आणि रोजची साडी नेसून, रोजची पिशवी घेऊन जा.

१) स्कूटर असेल तर तिच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का बघा. नुसते चवडे टेकत असतील तर ती आपल्या मापाची नाही.

२) मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं साडीगार्ड हवंच. ही मेहेरबानी नव्हे, १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आहे. मुलगा "दिसायला बरं नाही" म्हणून ते काढायला निघाला तर काढू देऊ नका. पदर आणि ओढणी खोचल्याशिवाय बसू नका.

३) मोटार असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या बैठकीवर दोनदा चढायला-उतरायला लावा. चढण्यापेक्षा उतरण्यात जास्त कळतं.

४) पट्टा मानेवरून जातो की खांद्यावरून, ते बघा. मानेला घासत असेल तर वरची कडी खाली सरकते का विचारा. सरकत नसेल तर बैठक उंच होते का विचारा.

५) घरातल्या आजीची पायरी पाट रचून मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. जिना असो, न्हाणीघराचा उंबरा असो, गाडी असो, तो आकडा उपयोगी पडतो.

गेल्या सोमवारी सासूबाई पनवेलला गेल्या. मी फाट्यापर्यंत सोबत गेले. दादांनी स्टूल काढून ठेवलं. सासूबाईंच्या आधी एक पोटुशी बाई त्यावर पाय ठेवून चढली, तिच्यामागून दप्तरवाला एक पोरगा. सासूबाई तिसऱ्या. मागून येणारी कोळीण म्हणाली, "राहू दे रं तसाच, मला पन चढायचाय." मला वाटलं होतं स्टूल एका म्हातारीसाठी आहे. तिथे तर रांग लागली!

संध्याकाळी परतल्या त्या बहिणीने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी पोटाशी धरून. दमल्या होत्या. पाय धुतले, दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "त्याला कळव. आठ चालतंय. पण हात धरायला दांडा जरा खाली हवा."

मी कळवलं आहे. तुमच्या गावच्या फाट्यावर पायरी किती इंचांची आहे, मोजून मला जरूर लिहा. भाच्याच्या वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.